घराच्या वतीने

न्हावा शेवा
९ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुमच्या लेकाने, निकेशने, फोटो पाठवला. आपल्या ग्रामीण रुग्णालयातली नवी खोली, सीटी स्कॅनचं मशीन, त्याला झेंडूचा हार. शेजारी आईच्या नावाची पेशंटची खोली, दारावर तिचा फोटो, तिलाही झेंडूचाच हार. मधे तुम्ही, हात जोडून. उद्घाटनाला आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस निवडलात.

मी आले नाही. निकेश म्हणाला, "आबा काय बोलले न्हाईत. फक्त दोनदा विचारलं, क्रांतीची गाडी आली का."

फोन करत नाही, कारण तुमचा फोन कमलेश उचलतो आणि "साहेब मीटिंगमधे आहेत, ताई" म्हणतो. तुमच्या पीएचं कामच ते, त्याच्यावर राग नाही. पण खरं सांगायचं तर तुम्ही स्वतः उचललात तरी मी काय बोलणार होते? आईचं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन निघाले, तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

एक मात्र स्पष्ट लिहिते. तुमचं विधेयक मला कधीच चूक वाटलं नाही. तिथेच तर सगळी अडचण आहे. ते चूक असतं तर तुमच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

नागपूरचं ते हिवाळी अधिवेशन आठवतं ना? तुम्हीच आईला म्हणालात, "ये, नवरा काय काम करतो ते तरी बघ." ती मोरपंखी लुगडं नेसून आली. मी आणि ती वर प्रेक्षक गॅलरीत. खाली तुम्ही उभे राहिलात आणि बोललात, "आमदाराच्या आजारपणाचं बिल सरकार भरतं. त्याच्या बायकापोरांचं भरतं. माजी झाला तरी भरतं, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलचं. आणि माझ्या तालुक्यातली बाई बाळंतपणाला नेताना जीपमधे मरते. आमदार आणि त्याचं कुटुंब सरकारी दवाखान्यातच उपचार घेईल, असा कायदा करा. मग दवाखाने कसे सुधारत न्हाईत ते बघू."

समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "आधी स्वतः करून दाखवा!"

तुम्ही एक क्षणही थांबला नाहीत. "दाखवतो. आजपासून मी आणि माझं घर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच जाणार. खासगीत पाय ठेवणार न्हाय."

बाकं वाजली. आईने टाळ्या वाजवल्या. शिपाई धावत आला, गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून. ती लाजली, पदर ओढून घेतला, आणि हळूच मला विचारलं, "क्रांती, घर म्हणजे आपण पन का गं?"

मी हसले. म्हटलं, "हो आई, आपण पण."

क्रांती


न्हावा शेवा
२ मार्च २०२५

आबा,

तुमचं उत्तर मिळालं. आमदार निवासाचं पाकीट आणि आत एकच ओळ. "मशीन बघायला ये."

मशीनचा उपयोग मला माहीत आहे. आईला नेलं त्याच दिवशी तिथल्या डॉ. प्राप्तीने सांगितला होता, जेव्हा मशीन नव्हतं.

तुम्ही तो दिवस सभांमधे सांगता. मी यूट्यूबवर ऐकलंय. तुमच्या सांगण्यात काही खोटं नसतं, पण काही गोष्टी राहून जातात. त्या मी लिहिते.

आई अंगणात सोडे, सुकी कोलंबी, निवडत होती. मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन आले होते. ती मला काहीतरी सांगत होती, शेजारच्या घरच्या लग्नाचं, आणि मधेच तिचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. तोंड एका बाजूला गेलं. हातातला सोडा तिने घट्ट धरून ठेवला होता, तो सुटेना. तुम्ही, मी आणि कमलेशने तिला गाडीत घातलं. डॉ. प्राप्ती, एवढीशी मुलगी, शिक्षण संपवून नुकती आली होती. तिने आईला तपासलं आणि म्हणाली, "साहेब, मेंदूचा झटका आहे. गुठळी आहे की रक्तस्राव, ते स्कॅनशिवाय कळणार नाही. इथे स्कॅन नाही. आत्ता हलवलंत तर उपयोग आहे, नंतर नाही."

तेवढ्यात मुंबईहून फोन आला. बातमी कशी पोचली देव जाणे. मंत्रालयातले साहेब होते. हेलिकॉप्टर हायस्कूलच्या मैदानात उतरवतो म्हणाले. कमलेशने फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही व्हरांड्यात होतात. समोर केसपेपरची रांग होती. कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणाचा पाय बांधलेला. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि फोनमधे म्हणालात, "नको. लोक जसे जातात तसेच आम्ही जाऊ."

मी तुमच्या हातातून फोन ओढायला आले. कमलेशने मला धरलं.

लोकांना इथून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवतात, तसंच सरकारी ॲम्ब्युलन्सने जायचं होतं. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. ती परत येईपर्यंत डॉ. प्राप्तीच म्हणाली की आता हलवण्यातच धोका जास्त. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आणि सभेत तुम्ही जे कधीच सांगत नाही ते हे. त्या तीन दिवसांत तिचं सगळं बोलणं गेलं होतं, एक आवाज तेवढा राहिला होता. "ने... ने..." माझा हात धरून, तुमचा हात धरून. "ने... ने..."

तुम्ही म्हणालात, निकेशला बोलावतेय. निकेश तेव्हा बोटीवर होता, खोल समुद्रात, त्याचा फोन लागत नव्हता. असेल. आई त्याला हाक मारताना 'नेकेश'च म्हणायची, पहिलं अक्षर लांबवून.

पण ती मला "मला ने" म्हणत नव्हती हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

माझं ऑफिस बंदराच्या रस्त्याला आहे. दिवसभर कंटेनरचे ट्रेलर मागे येताना भोंगा वाजवतात. बरोबरचे लोक म्हणतात त्यांना तो आता ऐकूही येत नाही. मला त्यात ती ऐकू येते. मी कागदांवर सह्या घेत असते, एजंटांशी बोलत असते, आणि खिडकीबाहेर आई "ने, ने" करत असते.

नंतर निवडणुकीत तुमच्या बॅनरवर तिचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, शब्द पाळणारं घर.

क्रांती


न्हावा शेवा
१४ एप्रिल २०२५

आबा,

हे पत्र माझ्यासाठी नाही, तुमच्या सुनेसाठी आहे, पूनमसाठी.

आठवा महिना लागलाय तिला. काल बोलले तिच्याशी. पाय सुजलेत, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं म्हणाली. डॉ. प्राप्तीने बीपीच्या गोळ्या दिल्यात. मी विचारलं, पुढचं काय ठरलंय? तर म्हणते, "ताई, ठरवायचं काय? आबांचा शब्द हाय."

मी म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग. मग म्हणाली, "सासूबाईंच्या नावाच्या खोलीतच होईल, असं सगळे म्हणतात. चांगलंच हाय की." आणि रडायला लागली.

रुग्णालय सुधारलंय, मान्य. मशीन आलं, फिजिशियन आले, बाळंतपणाच्या डॉक्टर आल्या. आई गेली नसती तर यातलं काहीच आलं नसतं, हेही मला कळतं. गेल्या महिन्यात त्या मशीनमुळे एका खलाशाचा जीव वाचला, निकेशने सांगितलं. तो माणूस हातात जाळं घेऊन परत बोटीवर गेला. मला बरं वाटलं, आबा. शपथेवर सांगते, बरं वाटलं. आणि मग उठून मी ऑफिसची खिडकी लावून घेतली, बाहेर ट्रेलर मागे येत होता.

पण तिथे भूल देणारे डॉक्टर अजून कायमचे नाहीत. जिल्ह्याहून येतात, कधी येतात, कधी येत नाहीत. पूनमचं पोट उघडायची वेळ आली तर?

तिने नागपूरला काही कबूल केलेलं नाही. तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. तिला मोकळी करा. निकेश तुम्हाला कधी विचारणार नाही, तो आईसारखा आहे. म्हणून मी विचारतेय.

क्रांती


न्हावा शेवा
९ मे २०२५

आबा,

बाळाला काल बघितलं. काचेच्या पेटीत एवढीशी, मुठी आवळून. निकेशने नावही ठरवलंय, दिशा. पूनम उठून बसली, पेज प्यायली. तुम्ही खाली गाडीत बसला होतात असं कमलेश म्हणाला. मी मागच्या दाराने निघून गेले.

पूनमने सगळं सांगितलं. सकाळी तिला फिट आली. डॉ. प्राप्ती म्हणाली, आत्ता सिझर केलं नाही तर दोघींचं खरं नाही, आणि भूल द्यायला आज इथे कुणी नाही. निकेश भिंतीला टेकून नुसता उभा. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा तुम्ही दिसलात. तुम्ही तिच्या कॉटपाशी खाली बसला होतात, जमिनीवर. म्हणालात, "पूनम, तुझी काय इच्छा हाय? माझ्याकडे बघू नको. तुझी काय इच्छा?"

ती म्हणाली, "मना जगायचंय आबा. मना न्या."

आणि तुम्ही फोन केलात. स्वतः. हेलिकॉप्टर हायस्कूलच्या मैदानात उतरलं, पोरं कुंपणावर चढून बघत होती. मुंबईतलं मोठं खासगी हॉस्पिटल. बिल सरकार भरणार.

मी महिन्यापूर्वी तुमच्याकडे हेच मागितलं होतं. तुम्ही ते केलंत. मी तुमच्या पाया पडायला हवं.

पण आबा, एवढंच होतं ते? एक फोन? तेच साहेब, तेच मैदान. आई तिथेच, त्याच इमारतीत पडली होती. गेलं वर्षभर मी स्वतःला सांगत होते की आबांना ते जमण्यासारखं नव्हतंच, त्यांचा स्वभावच तो, दगड कसा उचलणार. आता कळलं की दगड नव्हता.

पूनम वाचली म्हणून मी देवाला नारळ दिला. आणि तुमचा मला इतका राग येतोय की हे अक्षर बघा कसं येतंय.

क्रांती


न्हावा शेवा
११ जुलै २०२५

आबा,

ऑफिसमधे सगळे एका मोबाईलवर बघत होते. कुणाला माहीत नाही की तुम्ही माझे वडील, मी इथे आडनाव नवऱ्याचं लावते.

तुम्ही विधेयकावर बोलायला उभे राहिलात आणि समोरून आवाज आला, "हेलिकॉप्टरवाले आले!" सगळं सभागृह हसलं. तुमच्या बाजूचेही हसले. एकजण म्हणाला, स्वतःच्या नातीसाठी आकाशातून विमान आणि आम्हाला सांगतात सरकारी खाट. दुसरा म्हणाला, वाईट दवाखान्यात आमदाराला झोपवल्याने दवाखाना चांगला होत नाही, फक्त आमदार मरतो. त्यात तथ्य नाही असंही नाही.

तुम्ही हसू थांबेपर्यंत उभे राहिलात. मग म्हणालात, "मी चुकलो. माझ्या जिवाचा शब्द द्यायचा सोडून मी घरातल्यांच्या जिवाचा दिला. तो माझा नव्हताच. सुनेनं परत मागितला, मी दिला. बायकोला मागता आला न्हाय."

कुणीच हसलं नाही. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "ह्यांच्या बायकोचं काय झालेलं?"

मग तुम्ही म्हणालात, "पण माझ्यापुरता शब्द शाबूत हाय. आणि विधेयक बरोबर हाय. माझ्या चुकीमुळं ते चूक ठरवू नका."

आवाजी मतदानाने फेटाळलं. पाणी प्यायला वेळ लागतो तेवढा वेळही लागला नाही.

मी गणपतीला येईन.

क्रांती


न्हावा शेवा
३ सप्टेंबर २०२५

आबा,

सुखरूप पोचले. पूनमने दिलेले मोदक एजंट लोकांनी संपवले.

किती वाळलात. जिना चढताना मधेच थांबता, आणि कुणी बघतंय असं वाटलं की भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करता. डॉक्टरला दाखवलंत का विचारलं तर म्हणालात, "दाखवतो की. प्राप्तीला."

पडवीत तुम्ही जे बोललात ते मी इथे येऊनही धरून बसलेय. दिशा तुमच्या मांडीवर झोपली होती. मी काही विचारलंही नव्हतं. तुम्ही तिच्याकडे बघतच म्हणालात, "तुम्हा पोरांना सांगताना सांगतो, निकेशला बोलवत होती. एकटा बसलो की मला पन 'ने'च ऐकू येतं, क्रांती. पयल्या दिवसापास्नं."

मी म्हणाले, "मग तेव्हा का नाही नेलंत?"

तुम्ही म्हणालात, "रांग बघत होती माझ्याकडे. मला वाटलं, हिला विचारलं आणि ही न्या म्हणाली तर? म्हणून विचारलंच न्हाय."

त्यावर मी उठून आत गेले. तुम्हाला वाटलं असेल रागाने. राग नव्हता. आई गेल्यापासून मला एकच गोष्ट हवी होती, की तुम्ही हे तोंडाने कबूल करावं. आणि तुम्ही केलंत तेव्हा मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या महिन्यात येते. तोवर जिना चढू नका.

तुमची क्रांती


न्हावा शेवा
२० नोव्हेंबर २०२५

आबा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं कळत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या सकाळी निकेश आणि पूनम बाळाला घेऊन चौलला तिच्या माहेरी होते. घरात आपण दोघंच, मी भाकऱ्या टाकत होते. तुम्ही हाक मारलीत ती नेहमीचीच, "क्रांती, जरा ये गं." मी तवा उतरवून आले तर तुम्ही खांब धरून उभे, अंगावर घामाच्या धारा.

रुग्णालयात डॉ. प्राप्तीने इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बाहेर येऊन म्हणाली, "ताई, हृदय फार कमजोर आहे. इथे जेवढं करता येतं ते केलंय. मुंबईत अँजिओप्लास्टी झाली तर संधी आहे. वाटेत काही होणारच नाही असं मी सांगू शकत नाही. पण संधी आहे."

कमलेश माझ्यापुढे फोन धरून उभा राहिला. नंबर काढून ठेवला होता. "ताई, फक्त हो म्हणा. मैदान मोकळं करायला पोरं पाठवलीत." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र अजिबात हलत नव्हता.

मी आत आले. तुमची कॉट आईच्या नावाच्या खोलीत होती, तीच रिकामी होती म्हणे. मी तुमच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "आबा, मुंबईला नेऊ?"

मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणाल. खरंच वाटलं होतं. विचारायचं म्हणजे काय, तर तुम्ही हो म्हणायचं आणि मी न्यायचं. पूनमच्या वेळी झालं तसं.

तुम्ही मास्क बाजूला केलात. "नको."

"आबा, डॉक्टर म्हणते संधी आहे."

"ऐकलं मी. नको, बाय. हा माझा शब्द हाय. माझ्या जिवाचा. हा तरी खरा होऊ दे." आणि मग, श्वास घेऊन, "तू विचारलंस. बरं केलंस."

मी निकेशला फोन लावला. तो गाडीत बसला होता, ओरडत होता, "कमलेशला सांग, फोन कर! आधी फोन कर!" मी म्हटलं, "तू ये लवकर." आणि ठेवला.

बाहेर आले. व्हरांड्यात रांग होती. केसपेपर हातात घेतलेल्या बायका, म्हातारे. आता त्या रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा कळलं मला की त्यांच्या नजरेत मागणं काहीच नसतं. ते नुसते बघत असतात. आपलीच मान जड होते. कमलेशकडे बघून मी मान हलवली. त्याला वाटलं, हो. त्याने बटण दाबायला अंगठा उचलला. मग मला तोंडाने म्हणावं लागलं. "नको, कमलेश. राहू दे."

तुम्ही दुपारपर्यंत होतात. माझा हात धरून होतात. बोललात फार थोडं. भरती आहे का ओहोटी विचारलंत, मी खिडकीतून बघून ओहोटी सांगितली. डॉ. प्राप्ती क्षणभरही हलली नाही. शेजारच्या खोलीत एका बाईचं स्कॅन चाललं होतं, मशीनचा घरघर आवाज भिंतीतून येत होता. तुम्ही तो ऐकत होतात असं मला वाटलं. मग ऐकेनासे झालात.

निकेश संध्याकाळी पोचला. बूट न काढता आत गेला, तुमच्या पायांवर डोकं ठेवून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने विचारलं, "फोन का न्हाय केलास?"

मी म्हटलं, "आबांना विचारलं. ते नको म्हणाले."

त्याने वर बघितलं. आईचेच डोळे. म्हणाला, "आणि तू ऐकलंस?"

शोकसभेला मैदान भरलं होतं. सगळे म्हणत होते, साहेबांनी शेवटी शब्द पाळला. मला भाषण करायला सांगत होते. मी उठले नाही. निकेश मागे उभा होता, दिशाला खांद्यावर घेऊन, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

कालपासून मी त्याला फोन करतेय. वाजतो, तो उचलत नाही. आज पूनमने उचलला आणि हळूच म्हणाली, "ताई, ते घरीच हायेत. पण बोलायचं न्हाय म्हणतात."

बाहेर ट्रेलर लागलेत ओळीने. जेवणाची सुट्टी संपत आली. दुसरा कागद समोर घेतलाय, वर "निकेश" एवढंच लिहून झालंय.

क्रांती